पुएब्ला पायी बघायचं तर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मेक्सिको सिटीला गेलेली बहुतेक मंडळी पुएब्ला एका दिवसात उरकतात. सकाळची बस, कॅथेड्रल, सोन्याचं चॅपल, ताटभर मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट सॉस), तालावेराची म्हणजे इथल्या रंगवलेल्या चिनीमातीसारख्या भांड्यांतली एखादी बशी, संध्याकाळी परत. हाताशी तेवढाच वेळ असेल तर तसंही करा, वाया जाणार नाही. पण एक रात्र राहता आलं तर जरूर राहा. स्पॅनिश लोकांनी हे शहर १५३१ साली मोकळ्या पठारावर दोरी लावून आखलं. शेजारचं चोलुला हजारो वर्षांचं जुनं गाव, पण त्यावर हे चढवलेलं नाही. त्यामुळे रस्ते सरळ आणि जुना भाग आटोपशीर आहे. १९८७ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. बघण्यासारखं जवळपास सगळं चालण्याच्या टप्प्यात येतं.

पुण्याकडच्यांना हे नाव कामामुळेही माहीत असतं. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला आहे, तसा पुएब्लाजवळही आहे. ऑफिसच्या कामाने तिकडे जाणाऱ्यांना एखादा शनिवार-रविवार मोकळा मिळतो, आणि मग 'काय बघू, कुठून सुरू करू' असे फोन येतात. त्या फोनवर जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिलं आहे. माझा हट्ट एकच: पहिली सकाळ गाइडबरोबर, दुसरी एकट्याने. गाइडशिवाय निम्म्या इमारती नुसत्या भिंती वाटतात. आणि फक्त गाइडबरोबर फिरलात तर त्याच्या गोष्टींतली खरी कोणती आणि रंगवलेली कोणती, हे तपासायला उसंत मिळत नाही.

१. कागदपत्रं आधी

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल, किंवा तिथलं कायम वास्तव्याचं कार्ड असेल, तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. यात काहीच नसेल तर नवी दिल्लीच्या मेक्सिकन वकिलातीची वेबसाइट उघडा आणि अपॉइंटमेंटच्या तारखांना वेळ लागतो हे धरून चाला. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी स्वतः खात्री करा. कुणाच्या तरी मेहुण्याला गेल्या वर्षी चाललं होतं, एवढ्यावर जाऊ नका.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. एच-१बीची मुदत वाढल्याचं मंजुरीपत्र आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला आहे, अशी अनेकांची स्थिती असते. मेक्सिकोला चालू शिक्का लागतो, ते पत्र चालत नाही. शिवाय परत अमेरिकेत शिरण्याचा प्रश्न वेगळाच. त्यासाठी कंपनीच्या वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको.

जवळ ठेवायचं ते असं:

- पासपोर्ट, आणि व्हिसाच्या पानाची छापील प्रत
- परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग, तेही कागदावर. इमिग्रेशनच्या रांगेत नेट गेलं तर उपयोगी पडतं
- प्रवास विमा
- दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं, परदेशी व्यवहार सुरू करून घेतलेली
- थोडे डॉलर. रुपये तिकडे कुणी बदलून देत नाही

इमिग्रेशनचा अधिकारी शिक्का मारतो तेव्हा किती दिवस दिले आहेत ते खिडकीवरच बघा. कमी दिले असतील तर तिथेच बोलायचं, नंतर नाही.

२. दिवस निवडताना सोमवार टाळा

सोमवारी पालाफोक्सियाना ग्रंथालय, डीनचं (कॅथेड्रलच्या प्रमुख पाद्र्याचं) घर, आल्फेन्यिके वाडा आणि बहुतेक सरकारी संग्रहालयं बंद असतात. खाजगी असलेलं आम्पारो संग्रहालय मंगळवारी बंद असतं. म्हणजे सोमवार-मंगळवार गेलात तर दोन्ही दिवशी काही ना काही हुकणारच. रविवारी चर्चमध्ये लागोपाठ मिसा (प्रार्थनाविधी) असतात. मिसा चालू असताना कॅमेरा घेऊन फिरू देत नाहीत आणि तसं फिरूही नये. गुरुवार ते शनिवार सगळ्यात बरे.

जून ते ऑक्टोबर पावसाळा. तो आपल्यासारखा दिवसभर लागून राहत नाही, दुपारनंतर येतो आणि धो-धो येतो. त्यामुळे फेरी सकाळचीच ठरवा. डिसेंबर-जानेवारीत दुपारी ऊन आणि रात्री चांगलीच थंडी, तेव्हा स्वेटर हवाच.

उंचीचं भान ठेवा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,१३५ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही जवळजवळ पाचशे मीटर वर. रस्ता सपाट असूनही पहिल्या दिवशी धाप लागते, डोकं जड होतं. पाणी पीत राहा, पहिल्या रात्री दारू टाळा आणि सोबत आई-बाबा असतील तर पोहोचल्याच्या दिवशी काहीच ठरवू नका.

३. मेक्सिको सिटीहून

पूर्वेकडच्या तापो बसस्थानकावरून (मेट्रो स्टेशन सान लासारो) पुएब्लाच्या बस दिवसभर सुटतात. अंतर सुमारे १३० किलोमीटर, वेळ दोन तास धरा. शुक्रवारी संध्याकाळी त्याचे तीनही होतात. विमानतळावरूनही थेट बस आहे, त्यामुळे राजधानीत न शिरता परस्पर जाता येतं. जाताना उजवीकडची खिडकी मागा. आकाश मोकळं असेल तर पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सिउआत्ल हे दोन ज्वालामुखी त्या बाजूला दिसतात.

पुएब्लाचं मुख्य बसस्थानक कापू. ते जुन्या शहरात नाही, काही किलोमीटर उत्तरेला आहे. बाहेर उभे असलेले टॅक्सीवाले हाका मारतील. त्यांच्याकडे न जाता स्थानकाच्या आतल्या खिडकीवर अधिकृत टॅक्सीची चिठ्ठी घ्या, किंवा ॲपवरून गाडी बोलवा.

किमतीपुढे डॉलरचं चिन्ह दिसलं तर दचकू नका, पेसोलाही तेच चिन्ह आहे. एटीएममधून पैसे काढताना मशीन 'आमच्या दराने तुमच्या चलनात रूपांतर करू का?' असं विचारतं. नाही म्हणा. तो दर महाग असतो, आणि नाही म्हटलं तरी पैसे मिळतात.

४. पत्ता वाचायला शिका

हे अर्धा तास बसून समजून घेतलंत तर दोन दिवस फोन खिशात राहील. पुएब्लात रस्त्यांना आकडे आहेत, आणि ते भल्याभल्यांना चकवतात. एकाच शहरात ४ नोर्ते, ४ सूर, ४ ओरिएन्ते आणि ४ पोनिएन्ते असे चार वेगळे रस्ते असतील तर माणूस चकणारच.

मध्यबिंदू म्हणजे सोकालो, मुख्य चौक. त्याच्या वायव्य कोपऱ्यात दोन मुख्य रेषा एकमेकींना छेदतात. पूर्व-पश्चिम रेषेला पश्चिमेकडे रेफोर्मा आणि पूर्वेकडे पालाफोक्स इ मेन्दोसा म्हणतात. उत्तर-दक्षिण रेषा उत्तरेला ५ दे मायो आणि दक्षिणेला १६ दे सेप्तिएम्ब्रे. पुढचं सगळं गणित या कोपऱ्यावरून:

- पूर्व-पश्चिम रस्त्यांच्या नावात ओरिएन्ते (पूर्व) किंवा पोनिएन्ते (पश्चिम) असतं. मध्याच्या उत्तरेला सम आकडे, दक्षिणेला विषम.
- उत्तर-दक्षिण रस्त्यांच्या नावात नोर्ते (उत्तर) किंवा सूर (दक्षिण) असतं. मध्याच्या पूर्वेला सम, पश्चिमेला विषम.
- घर क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांआधी जे उरतं, तो तुम्ही नुकताच ओलांडलेला आडवा रस्ता.

आता आम्पारो संग्रहालयाचा पत्ता घ्या: २ सूर, ७०८. २ सम, म्हणून मध्याच्या पूर्वेला. सूर, म्हणून दक्षिणेला. ७०८, म्हणजे ७ ओरिएन्ते ओलांडल्यावर आणि ९ ओरिएन्तेच्या आधी. आल्फेन्यिके वाडा ४ ओरिएन्ते, ४१६: उत्तरेकडची दुसरी रांग, पूर्वेला, ४ नोर्ते आणि ६ नोर्ते यांच्या मधे. दोन-तीन पत्ते असे सोडवले की सवय होते. नंतर हातातल्या कागदावरचा पत्ता वाचून पाय आपोआप वळतात, त्यात भारी मजा आहे.

आणखी दोन गोष्टी. इथल्या चौकोनांची (रस्त्यांमधल्या ब्लॉकची) पूर्व-पश्चिम बाजू लांब आणि उत्तर-दक्षिण बाजू आखूड असते, साधारण दुप्पट फरक. 'दोन चौकोन पुढे' म्हटल्यावर कुठल्या दिशेने, हे विचारा. आणि ५ दे मायो नावाची पादचारी गल्ली वेगळी, पूर्वेचा ५ दे मायो बुलेव्हार्ड वेगळा. बुलेव्हार्डच्या खाली पूर्वीची सान फ्रान्सिस्को नदी गाडलेली आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं '५ दे मायो' सांगितलंत तर तो मोठ्या रस्त्यावर नेऊन सोडेल.

५. गाइड ठरवताना

चौकात पर्यटन कार्यालय आहे, बाहेर रंगीत छत्र्या धरलेले 'फ्री टूर'वालेही उभे असतात. फ्री म्हणजे फुकट नव्हे. शेवटी बक्षिशी अपेक्षित असते आणि गाइडची कमाई तीच असते, म्हणून सोबत सुट्या नोटा ठेवा. परवाना असलेल्या गाइडच्या गळ्यात पर्यटन खात्याचं फोटोचं ओळखपत्र असतं. ते मागायला संकोच नको, चांगला गाइड स्वतःच दाखवतो.

पैसे ठरवण्याआधी एवढं विचारून घ्या: किती वेळ, किती माणसं, इंग्रजीत की दोन्ही भाषांत आलटून पालटून, आणि तिकिटं धरून की वेगळी. दोन भाषांची फेरी मी घेऊ नका म्हणेन. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली जाते, वेळ निम्मा उरतो आणि आपण अर्धा वेळ उन्हात उभे. दहा-बाराहून जास्त माणसं असतील तर मागच्यांना काही ऐकू येत नाही.

'मध्ये एका कारखान्यात थांबू' असं म्हणाला, तर ते दुकान असतं. थांबायला हरकत नाही, पण पंधरा मिनिटांवर नको आणि खरेदी तिथे नको.

प्रत्येक रंगतदार गोष्टीनंतर एक प्रश्न विचारायचा: 'एस लेयेंदा, ओ एस्ता दोकुमेन्तादो?' म्हणजे ही दंतकथा, की कागदोपत्री आहे? चांगले गाइड या प्रश्नाने खुलतात. जो चिडतो, त्याच्याबरोबर दुसरी फेरी घेऊ नका.

६. पिशवीत

वापरून सवयीचे झालेले, जाड तळव्याचे बूट; फरशा गुळगुळीत झालेल्या आहेत आणि पाऊस पडला की घसरतात. टोपी, पातळ जॅकेट, बंद बाटलीतलं पाणी (नळाचं पिऊ नका). स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी, कारण दाराशी पैसे घेऊन मोजका कागद हातात देतात. एक साधा मास्कही ठेवा. पोपोकातेपेत्ल जागा आहे आणि अधूनमधून शहरावर बारीक राख पडते; त्या दिवशी कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा लावा. ट्रायपॉड हॉटेलवरच ठेवा, संग्रहालयांत चालत नाही.

७. सकाळची फेरी, या क्रमाने

गाइडचा स्वतःचा क्रम असतोच. तरी हा सुचवून बघा, यात मागे-पुढे चालणं कमी होतं.

सुरुवात कॅथेड्रलपासून. बांधकाम १५७५ मध्ये सुरू झालं आणि रखडलं. बिशप हुआन दे पालाफोक्सने ते मार्गी लावून १६४९ मध्ये पवित्र केलं. मनोरे सुमारे सत्तर मीटर उंच. अंगणाच्या कठड्यावर देवदूतांची रांग उभी आहे. मोठी घंटा मनोऱ्यात माणसांनी नव्हे, देवदूतांनी रात्रीतून चढवली, असं गाइड इथे सांगतो. तुमचा पहिला 'लेयेंदा की दोकुमेन्तादो' इथेच वापरा.

कॅथेड्रलच्या मागच्या रस्त्याला, ५ ओरिएन्ते ५ या पत्त्यावर, पालाफोक्सियाना ग्रंथालय. त्याच बिशपने १६४६ मध्ये आपली पाच हजार पुस्तकं दिली, अट एवढीच की ज्याला वाचता येतं त्या कुणालाही ती बघायला मिळावीत. आजचा दिवाणखाना १७७३ चा. तीन मजली लाकडी कपाटं, पंचेचाळीस हजारांच्या आसपास ग्रंथ, आणि युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदीत २००५ पासून नाव. आत शिरल्यावर लगेच फोटो काढत सुटू नका. आधी कपाटांच्या जाळ्यांजवळ जाऊन कातडी बांधणीचे कणे बघा. कित्येकांवर शीर्षकं हाताने लिहिलेली आहेत. फ्लॅश बंद.

तिथून पश्चिमेला १६ दे सेप्तिएम्ब्रे आणि ७ पोनिएन्तेच्या कोपऱ्यावर डीनचं घर. बहुतेक गट इथे जात नाहीत, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. आग्रह धरा. १५८० मध्ये पुरं झालेलं हे घर विसाव्या शतकात सिनेमागृहासाठी जवळजवळ सगळं पाडलं. दोन खोल्या वाचल्या, त्यांच्या भिंतींवर सोळाव्या शतकातली चित्रं आहेत: घोड्यांवर बसून मिरवणुकीने निघालेल्या भविष्यवेत्त्या बायका, दुसऱ्या खोलीत प्रेम, मृत्यू, काळ यांचे विजयरथ. कल्पना युरोपच्या. पण वरच्या-खालच्या पट्ट्यांत वाकून बघा, तिथे माकडं आणि इतर प्राणी आपापल्या उद्योगात आहेत. ती स्थानिक चित्रकारांच्या हातची. मला अख्ख्या कॅथेड्रलपेक्षा ही पट्टी आवडते, आणि गाइडला ती दाखवायला सांगावी लागते.

चौकाकडे परत येताना ३ ओरिएन्ते आणि २ सूरच्या कोपऱ्यावर, जनावर मारणाऱ्याचं घर म्हणून ओळखलं जाणारं एक दार लागतं. दगडात शिकारी आणि त्यांचे कुत्रे कोरले आहेत. गोष्ट लांब आहे, दार मात्र मिनिटभर थांबण्याजोगं. चौकाच्या ईशान्य कोपऱ्यात २ नोर्तेवर बाहुल्यांचं घर: भिंतीवर फरशांच्या मोठ्या, वेड्यावाकड्या आकृत्या. मालकाला मजला वाढवू न देणाऱ्या नगरसेवकांची त्याने अशी टवाळी केली, ही लाडकी कथा. त्या आकृत्या हर्क्युलिसचे पराक्रम असाव्यात, असं मानणारे अभ्यासकही आहेत. दोन्ही डोक्यात ठेवून पुन्हा बघा.

आता उत्तरेला, ५ दे मायोवरून सान्तो दोमिंगो चर्च. डाव्या हाताचं रोसारियो चॅपल १६९० मध्ये पवित्र झालं. भिंती आणि छत चुन्याच्या नक्षीने भरलेलं, त्यावर सोन्याचा वर्ख. पहिली दोन मिनिटं डोळे दिपतात आणि काहीच दिसत नाही. बाकावर बसा. मग मागे वळून दाराच्या वरचा भाग बघा, तिथे देवदूतांचा वाद्यवृंद आहे. बाहेर पडलात की ६ ओरिएन्ते, मिठायांची गल्ली. तिथेच २०६ क्रमांकाला सेर्दान कुटुंबाचं घर, जिथे १८ नोव्हेंबर १९१० ला मेक्सिकन क्रांतीच्या ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधीच गोळीबार झाला. दर्शनी भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत. पूर्वेला चालत राहिलात की पारियान बाजार, आल्फेन्यिके वाडा आणि चित्रकारांची वस्ती लागते. इथे गाइडचा हिशेब पुरा करा आणि जेवायला बसा.

८. आपल्याकडच्या त्या बाईचं थडगं

हे वेगळं लिहिते, कारण भारतीय दिसलात की गाइड हमखास हीच गोष्ट काढतो. चौकाच्या पूर्वेला, पालाफोक्स रस्ता आणि ४ सूरच्या कोपऱ्यावर जेझुइटांचं ला कोम्पान्यिया चर्च आहे. तिथे कातारिना दे सान हुआनचं दफन झालं. सतराव्या शतकात मुघल मुलखातून लहान वयात पळवून नेलेली मुलगी. चरित्रकारांच्या म्हणण्याप्रमाणे पोर्तुगीज लुटारूंनी तिला कोचीनला आणि मग मनिलाला नेलं. तिथून गॅलियन जहाजाने मेक्सिकोच्या किनाऱ्याला, आणि पुएब्लात गुलाम म्हणून. पुढे तिची ख्याती पुण्यवान बाई म्हणून झाली आणि ती ५ जानेवारी १६८८ ला वारली. एका जेझुइटाने तिचं तीन खंडी चरित्र लिहिलं, धर्मन्यायालयाने त्यावर बंदी घातली.

इथवर कागद आहेत. 'ती भारतीय राजकन्या होती आणि मेक्सिकोचा प्रसिद्ध चिना पोब्लाना पोशाख तिने साडीवरून बनवला' हे त्यापुढचं. तो भरजरी घागरा आणि कशिद्याचा ब्लाउज एकोणिसाव्या शतकात गाजला, तोवर तिला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली होती. मनिलाहून आलेल्या कोणत्याही आशियाई माणसाला तिकडे 'चिनी' म्हणत, त्यातून तिचं आणि पोशाखाचं नाव एकमेकांना चिकटलं. गाइडने साडीची गोष्ट रंगात येऊन सांगितली तर ऐका, वाद घालू नका. फक्त त्याला विचारा की पाटी कुठे आहे, आणि ती बघा.

९. शाकाहाऱ्यांचं जेवण

'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर इकडे कोंबडीचा रस्सा घातलेला भात प्रेमाने पुढे येऊ शकतो. म्हणून शब्द मोजून सांगा: 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो' (मांस, कोंबडी, मासे खात नाही), आणि पुढे 'सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो' (डुकराची चरबी नको, कोंबडीचा रस्सा नको). घोटलेल्या राजम्यात आणि तव्यावरच्या मेमेला नावाच्या मक्याच्या जाड भाकऱ्यांत मान्तेका असतेच असं धरून चाला.

मोले पोब्लानो सॉसमध्ये मिरच्या, तीळ, बदाम, दालचिनी, लवंग आणि थोडं चॉकलेट असतं, पण तो सैल करायला कोंबडीचाच रस्सा. कडक शाकाहाऱ्यांनी खास शाकाहारी मोले देणारी जागाच शोधावी. पोटभरीला सेमिता उत्तम: तीळ लावलेला गोल पाव, आत लांब तारेचं चीज, अवोकाडो, चिपोत्ले मिरची आणि पापालो नावाचा उग्र पाला. पाला पहिल्यांदा थोडाच घाला. 'सिन कार्ने' म्हटलं की मिळते. बटाट्याचे किंवा चीजचे तळलेले मोलोते (मक्याच्या पिठाच्या सारण भरलेल्या गुंडाळ्या), भोपळ्याच्या फुलांची केसादिया (सारण घालून दुमडलेली पोळी) हेही चालतं. तळणीचं तेल कुठलं ते विचारा.

मांसाहाऱ्यांची चैन आहे. लेबनॉन-इराककडून आलेल्या स्थलांतरितांनी रुजवलेले ताकोस आराबेस (पोळीत गुंडाळलेलं मांस), सान फ्रान्सिस्को चर्चजवळच्या चालुपा (सॉस आणि मांस घातलेल्या छोट्या तळलेल्या टॉर्टिया), आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये गेलात तर चिलेस एन नोगादा: खिमा आणि फळं भरलेली मोठी मिरची, वर अक्रोडाचा पांढरा सॉस आणि डाळिंबाचे दाणे. हंगामाबाहेर ती देणाऱ्या ठिकाणी खाऊ नका, ताजे अक्रोड नसतात.

मिठायांच्या गल्लीत कामोते घ्या, त्या रताळ्याच्या सुरळ्या. उपासाला चालतील का, हे घरच्या मोठ्यांना विचारा. सान्ता क्लाराच्या गोल टिकियांच्या पिठात मात्र बहुधा चरबी असते. आणि बाजारात चिकू दिसले तर नवल वाटू देऊ नका, ते मूळचे याच भागातले.

१०. तालावेरा घेताना

चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या नकलेतून आणि स्पेनच्या कारागिरीतून तयार झालेली ही कथिलाच्या झिलईची भांडी. कुंभारांच्या संघाचे नियम १६५३ पासून आहेत, आणि युनेस्कोने २०१९ मध्ये ही कला वारशात घेतली. पारियानमधला बराचसा माल मात्र दिसायला तसा, पण तालावेरा नव्हे. खरं ओळखायचं असं: तळाशी कार्यशाळेचं नाव किंवा सही, सोबत प्रमाणपत्र, पांढरा रंग दुधाळ, चुन्यासारखा फटफटीत नाही, रंगाच्या रेषा बोटाला किंचित उठावदार लागतात, झिलईत बारीक तडे चालतात. किंमतही सांगते: स्वस्तात मिळालं तर ते तालावेरा नाही. शोभेला स्वस्त बशी घ्यायची तर खुशाल घ्या, तिला नुसती बशी म्हणून घ्या. खऱ्या मालासाठी १८२४ पासून चालू असलेली उरियार्ते कार्यशाळा बघा: ४ पोनिएन्ते, ९११. पत्ता आता तुम्हीच सोडवा.

विमानात भांडं हातातल्या बॅगेत न्या, कपड्यांत गुंडाळून. कार्गोत दिलंत तर देवाक काळजी.

११. दुसरी सकाळ, एकट्याने

आम्पारो संग्रहालयात स्पॅनिशपूर्व मूर्तींचा संग्रह अप्रतिम आहे, त्याला निदान दोन तास द्या. गच्चीवरून कॅथेड्रल आणि घुमट दिसतात. त्यानंतर दोन मठांपैकी एक निवडा. सान्ता रोसाचं स्वयंपाकघर जमिनीपासून छतापर्यंत फरशांचं आहे, मोले इथे जन्मला असं सांगतात. सान्ता मोनिकाची गोष्ट मात्र कागदावरची: मठ बंद करण्याचे कायदे झाल्यावरही नन लपून इथेच राहत होत्या, ते १९३४ मध्ये उघडकीला आलं. एकापुरताच वेळ असेल तर मी मोनिका म्हणेन.

इतिहासाचं वेड असेल तर टॅक्सीने लोरेतो आणि ग्वादालुपे किल्ल्यांवर जा. ५ मे १८६२ ला इग्नासियो सारागोसाच्या सैन्याने फ्रेंचांना तिथे हरवलं. तो विजयाचा दिवस आहे, स्वातंत्र्यदिन नव्हे. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो. अमेरिकेतून येणारे ही गल्लत नेहमी करतात आणि पुएब्लाचे लोक ती दरवेळी दुरुस्त करतात.

काही चर्च १९ सप्टेंबर २०१७ च्या भूकंपानंतर दुरुस्तीसाठी बंद झाली होती. त्यामुळे एखाद्या दाराला कुलूप दिसलं तर शेजारच्या दुकानात विचारा, दुकानदारांना वेळा माहीत असतात. संध्याकाळी चौकाभोवती उशिरापर्यंत वर्दळ असते, तिथे फिरायला हरकत नाही. उत्तरेकडच्या बाजारांच्या गर्दीत मोबाइल पुढच्या खिशात ठेवा, आणि रात्री हॉटेल लांब असेल तर पायी जाऊ नका, गाडी बोलवा. रविवारी दुपारी राजधानीकडे जाणाऱ्या बस भरलेल्या असतात, म्हणून परतीचं तिकीट आदल्या दिवशीच ॲपवरून काढून ठेवा.